क्रेडिट कार्डाचं देणं फेडायला घर गहाण ठेवण्यापूर्वी

महिन्याला चार-पाच हप्ते जाणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. घरावर टॉप-अप, म्हणजे गृहकर्जावर वाढीव कर्ज घ्या, सगळी देणी एकदम मिटवा, पुढे महिन्याला एकच हप्ता, तोही निम्म्याहून कमी. बँकेचा माणूस फोनवर हेच सांगतो, नातेवाईकही हेच सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो आणि आकडाही खोटा नसतो. हप्ता खरोखर कमी होतो. पण त्या सहीसरशी आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ज्या कर्जामागे आजवर फक्त तुमचा पगार आणि तुमची पत होती, त्याच्यामागे आता तुमचं राहतं घर लागतं.

हा लेख त्या बदलाबद्दल आहे. कायदे आणि नियम भारतातले घेतले आहेत, कारण घर गमावण्याचा धोका नेमका किती, हे त्या त्या देशाच्या कायद्यावरच ठरतं.

तारण नसतं तेव्हा काय होतं

क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज ही बिनतारणी कर्जं. बँकेने तुमचं उत्पन्न आणि क्रेडिट स्कोअर बघून पैसे दिलेले असतात. धोका जास्त म्हणून व्याजही जास्त. हे कर्ज थकलं तर फोन सुरू होतात, दंड लागतो, स्कोअर घसरतो, पुढे नोटीस येते. पैसे वसूल करायचे तर बँकेला दिवाणी दावा, लवाद किंवा लोकअदालत यांपैकी एखादा रस्ता धरावा लागतो. दावा जिंकला तरी वसुलीचा हुकूम बजावून घ्यायला पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यातही कर्जदाराला काही संरक्षण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अशा हुकुमासाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही.

याचा अर्थ बिनतारणी कर्ज बुडवलं तरी चालतं, असा मुळीच नाही. कोर्टाचा हुकूम झाला तर स्वतःच्या नावावरची मालमत्ता जप्त होऊ शकते. चेक किंवा बँक खात्यातून परस्पर जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तर फौजदारी खटलाही होऊ शकतो. पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि मध्ये न्यायालय किंवा लवाद असतो. खर्च आणि वेळ वाचवायचा म्हणून बँकही तडजोडीला तयार होते. हप्ते बांधून देणं, दंड माफ करणं, थोडी रक्कम सोडून खातं मिटवणं या गोष्टी बिनतारणी कर्जात होतात, कारण बँकेच्या हातात धरून ठेवायला दुसरं काही नसतं. कर्जदाराची वाटाघाटीतली ताकद तिथेच असते. घराचे कागद दिले की ती ताकद जाते.

तारण दिलं की काय होतं

घर तारण असेल तर बँकेला दावा लावायची गरज उरत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार दिला. हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही तो आहे. मोठ्या एनबीएफसींना, म्हणजे कर्ज देणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्यांना, २० लाख आणि त्यावरच्या कर्जांसाठी आहे. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली तो मिटवला, आणि निकाल बँकांच्या बाजूने लागला.

प्रक्रिया अशी चालते. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरतं. मग कलम १३(२) खाली मागणी नोटीस येते. सगळं देणं ६० दिवसांत भरा, असं तिच्यात लिहिलेलं असतं. इथे अनेकजण चकतात. त्यांना वाटतं, थकलेले तीन-चार हप्तेच मागितले असतील. नोटीस मात्र संपूर्ण कर्जाची असते. ६० दिवसांत ते भरलं नाही तर बँक ताबा घेऊ शकते. आधी बहुधा कागदोपत्री, म्हणजे प्रतीकात्मक ताबा घेतला जातो. दारावर नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर होते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं.

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात ‘ताबा सूचना’ अशा मथळ्याच्या जाहिराती असतात, त्या याच. एखादी नीट वाचून बघा. वर सरफेसीच्या नियमावलीतल्या नियम ८(१) चा उल्लेख, मग कर्जदार आणि सहकर्जदारांची पूर्ण नावं, मागणी नोटिशीची तारीख, थकीत रक्कम अगदी पैशापर्यंत, आणि शेवटी मालमत्तेचं वर्णन: सर्व्हे नंबर, मजला, क्षेत्रफळ, पूर्वेस काय, पश्चिमेस काय. सहकर्जदारांच्या रांगेत बायकोचं, भावाचं, म्हाताऱ्या वडिलांचं नाव अनेकदा दिसतं.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि पोलीस बंदोबस्तात घर रिकामं करून घेते. लिलावाआधी ३० दिवसांची विक्री नोटीस द्यावी लागते. कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, ४५ दिवसांत दाद मागू शकतो. साध्या दिवाणी न्यायालयात मात्र जाता येत नाही, कलम ३४ ने ते दार बंद केलं आहे. आणि लिलावात घर विकूनही देणं पूर्ण वसूल झालं नाही, तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या अंगावर राहते. घर गेलं म्हणून कर्ज संपतंच असं नाही.

आता विचार करा. पर्यटनाला, मोबाइलला, लग्नातल्या खर्चाला, दवाखान्याच्या बिलाला वापरलेलं कार्ड थकलं असतं, तर यातलं काहीही इतक्या झपाट्याने झालं नसतं. तेच देणं टॉप-अपने फेडलं, आणि तो टॉप-अप थकला, तर मात्र होतं.

हप्ता कमी, व्याज जास्त: हिशेब मांडून बघू

एक उदाहरण घेऊ. समजा एकाच्या कार्डावर ३ लाख थकले आहेत, व्याज दरमहा साडेतीन टक्के. ४ लाखांचं पर्सनल लोन आहे, वर्षाला १६ टक्क्यांचं, तीन वर्षं बाकी. अ‍ॅपवरून घेतलेलं १ लाखाचं कर्ज आहे, वर्षाला २४ टक्क्यांचं, एक वर्ष बाकी. एकूण ८ लाख. महिन्याला कार्डाची किमान रक्कम पाच टक्के धरली तर १५,००० रुपये, पर्सनल लोनचा हप्ता सुमारे १४,०६०, अ‍ॅपचा सुमारे ९,४६०. म्हणजे साडेअडतीस हजार रुपये.

बँक म्हणते, १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी ८ लाखांचा टॉप-अप घ्या. हप्ता साधारण ८,६०० रुपये. साडेअडतीस हजारांवरून साडेआठ हजारांवर! मेटाकुटीला आलेल्या माणसाला हा आकडा देवासारखा वाटणार, यात त्याची काही चूक नाही.

पण १५ वर्षांत ८,६०० च्या हिशेबाने एकूण जवळपास १५ लाख ४७ हजार रुपये जातात. म्हणजे ८ लाखांवर साडेसात लाखांच्या आसपास व्याज.

एकेक कर्ज वेगळं काढलं की घोळ कुठे आहे ते कळतं. अ‍ॅपचं १ लाखाचं कर्ज २४ टक्क्यांचं होतं, पण वर्षात संपणार होतं. त्यावर उरलेलं व्याज होतं साडेतेरा हजारांच्या आसपास. तेच लाख रुपये १० टक्क्यांनी १५ वर्षं चालवले की व्याज होतं ९३ हजारांवर. दर निम्म्याहून कमी, व्याज जवळपास सातपट. पर्सनल लोनचंही तसंच. १६ टक्क्यांनी तीन वर्षांत १ लाख ६ हजार व्याज जाणार होतं, १० टक्क्यांनी १५ वर्षांत ३ लाख ७४ हजार जातं. व्याजदर म्हणजे पैशाचं वर्षाचं भाडं. स्वस्त भाड्याची वस्तू पाचपट काळ ठेवून घेतली तर बिल वाढणारच.

कार्डाची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. साडेतीन टक्के म्हणजे ३ लाखांवर महिन्याला १०,५०० रुपये नुसतं व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल हलता हलत नाही. हे देणं लवकरात लवकर दुसरीकडे हलवलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासाठी घरच लागतं का? ३ लाखांचं बिनतारणी पर्सनल लोन १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो १०,५५० च्या आसपास. कार्डाला नुसतं व्याज म्हणून जे पैसे जात होते, जवळपास तेवढ्याच पैशात तीन वर्षांत देणं संपतं.

म्हणजे या माणसाने फक्त कार्ड हलवलं आणि बाकीची दोन कर्जं आहेत तशी चालू ठेवली, तर त्याचा महिन्याचा बोजा साडेअडतीस हजारांवरून ३४ हजारांवर येतो, वर्षाने अ‍ॅपचं कर्ज संपल्यावर साडेचोवीस हजारांवर, आणि तीन वर्षांनी शून्यावर. एकूण व्याज जातं दोन लाखांच्या आत. टॉप-अपने साडेसात लाख जाणार होतं. आणि घराचे कागद कुठेही ठेवावे लागत नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं बरोबर नाही. तोच १० टक्क्यांचा टॉप-अप घेऊन एखाद्याने हप्ता ८,६०० न ठेवता दरमहा ३४,००० भरले, तर कर्ज सव्वादोन वर्षांत संपतं आणि व्याज लाखाच्याही खाली राहतं. म्हणजे तारण कर्ज स्वस्त पडू शकतं, ते जुन्या हप्त्याइतकेच पैसे भरत राहणाऱ्याला. पण ज्याची आजच ओढाताण चालू आहे, तो ८,६०० चा हप्ता मंजूर झाल्यावर ३४,००० भरेल का, हा प्रश्न आहे. टॉप-अप विकला जातो तो कमी हप्त्याच्या जोरावर, आणि पैसे वाचतात ते तो कमी हप्ता नाकारला तरच.

दर बदलला तर

पर्सनल लोनचा दर बहुधा स्थिर असतो. घरावरचं कर्ज बहुधा बदलत्या दराचं असतं. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्के झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. त्या काळात असंख्य गृहकर्जदारांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबत गेली.

वरच्याच उदाहरणात १० टक्के सुरुवातीलाच साडेबारा झाले आणि हप्ता ८,६०० च ठेवला, तर १५ वर्षांचं कर्ज सुमारे २८ वर्षांचं होतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवायची संधी कर्जदाराला द्यावी. स्थिर दराकडे जायचा पर्यायही तेव्हा सक्तीचा केला होता, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही हे बँकेच्या मर्जीवर आहे. बँकेकडून असा संदेश आला तर तो वाचा आणि जमत असेल तर हप्ता वाढवून मागा.

एका खात्याची झळ दुसऱ्याला

ही बाब मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण ती सही करताना दिसतच नाही.

समजा मूळ गृहकर्जाचे हप्ते तुम्ही बारा वर्षं एकही न चुकवता भरले आहेत. त्यावर टॉप-अप घेतला. पुढे तंगी आली. तुम्ही ठरवलं, घराचा मुख्य हप्ता भरायचा, टॉप-अपचा थोडा थकला तरी चालेल. हे चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाचं वर्गीकरण खात्यागणिक होत नाही, कर्जदारागणिक होतं. त्याच बँकेतलं एक खातं एनपीए झालं की तुमची बाकीची खातीही एनपीए धरली जातात. बारा वर्षांची शिस्त त्यात धुऊन निघते. शिवाय गृहकर्ज पूर्ण फिटलं तरी टॉप-अप बाकी असेपर्यंत घराचे मूळ कागद हाती येत नाहीत. काही करारपत्रांत तर ‘कर्जदाराचं बँकेला असलेलं कोणतंही देणं’ या शब्दांत तारण लिहिलेलं असतं, म्हणजे उद्या त्याच बँकेचं कार्ड थकलं तरी घर अडकू शकतं. हे वाक्य करारात आहे का, ते सहीआधी शोधा आणि सापडलं तर अर्थ लेखी विचारा.

कुटुंबाचंही तसंच. कार्डाचं देणं एकाच्या नावावर असतं. घर मात्र बहुधा दोघांच्या किंवा भावंडांच्या नावावर असतं. ते तारण ठेवायचं तर प्रत्येक मालकाची सही लागते, आणि सही करणारा सहकर्जदार किंवा जामीनदार होतो. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने मुख्य कर्जदाराइतकीच असते. ज्या बहिणीने, ज्या आईने ते कार्ड कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, ती त्या देण्याला पूर्णपणे बांधली जाते. ‘फक्त एक सही हवी आहे’ असं म्हणून अशा सह्या घेतल्या जातात. घेणाऱ्याच्या मनात पाप नसतं, पण सही करणाऱ्याला पूर्ण हिशेब सांगितला गेलाच पाहिजे. जिथे तो सांगायची लाज वाटते, तिथे ती सही मागूच नये.

मृत्यूनंतरही फरक पडतो. बिनतारणी कर्जासाठी वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. गहाणाचा बोजा मात्र थेट घरावरच असतो. घर वारसाकडे येतं ते बोजासकट.

खर्च, विमा आणि मोकळी झालेली कार्डं

टॉप-अपचा किंवा मॉर्गेज लोनचा दर ऐकून तुलना करू नका. प्रोसेसिंग फी, मूल्यांकन आणि वकिलाची फी, गहाणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क, आणि जुनं स्थिर दराचं पर्सनल लोन मुदतीआधी बंद केल्याचा आकार, हे सगळं मिळून बरीच रक्कम होते. त्यातच कर्जाचा विमा एकरकमी प्रीमियमने कर्जातच मिसळून दिला जातो, आणि त्या प्रीमियमवरही पंधरा वर्षं व्याज जातं. विमा वाईट नाही, तो वेगळा घेता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य पत्रक देणं सक्तीचं आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा बघा. गृहकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत, जुनी देणी फेडायला वापरलेल्या टॉप-अपच्या व्याजावर मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

यापेक्षा मोठा धोका नंतर येतो. टॉप-अपच्या पैशाने कार्डाचे ३ लाख फिटतात आणि त्या क्षणी कार्डावर ३ लाखांची मर्यादा पुन्हा मोकळी होते. देणं का झालं होतं, ते कारण मात्र तिथेच असतं. उत्पन्नापेक्षा घरखर्च जास्त असेल, धंदा तोट्यात असेल, आजारपण चालू असेल, तर वर्ष-दोन वर्षांत कार्ड पुन्हा भरतं. आता घरावर ८ लाख आणि कार्डावर पुन्हा ३. पहिल्या वेळी निदान घर मोकळं होतं, दुसऱ्या वेळी तेही नसतं. ऑगस्ट २०२४ च्या पतधोरण निवेदनात रिझर्व्ह बँकेनेही टॉप-अप गृहकर्जांच्या वाढीकडे आणि त्या पैशाच्या वापरावर नीट लक्ष न ठेवणाऱ्या संस्थांकडे बोट दाखवलं होतं. म्हणून देणी एकत्र करायचीच तर जास्तीची कार्डं त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन बंद करावीत. एक ठेवायचं तर मर्यादा कमी करून घ्यावी.

सोन्याबद्दल थोडक्यात. सोनं तारण ठेवलं तर निदान छप्पर सुरक्षित राहतं, म्हणून घरापेक्षा तो पर्याय मला बरा वाटतो. पण मुदतअखेर मुद्दल आणि व्याज एकदम भरायच्या योजनेत वर्षाच्या शेवटी मोठी रक्कम उभी करावी लागते. ती नाही जमली की नूतनीकरण, पुन्हा व्याज, आणि एक दिवस लिलाव. सोन्याचा भाव पडला तर मध्येच जादा भरणा मागितला जाऊ शकतो. फेडीचा रस्ता दिसत नसेल तर त्यातलं थोडं सोनं विकून कर्ज संपवणं पुष्कळदा कमी नुकसानीचं ठरतं. भावनिकदृष्ट्या ते अवघड असतं, हे मान्य आहे. पण लिलावात गेलेलं सोनंही परत येत नाही.

मग करायचं काय

आधी कार्डाच्या बँकेलाच विचारा की थकबाकीचे हप्ते बांधून देता का. बहुतेक बँका देतात, आणि दर कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी असतो. स्कोअर ठीक असेल तर वर सांगितलेलं पर्सनल लोन. मुदत ठेव असेल तर ती मोडणं किंवा तिच्यावर कर्ज घेणं. हेही तारणच, पण त्यात जास्तीत जास्त ठेव जाते. ४२ टक्क्यांचं देणं डोक्यावर असताना ७ टक्क्यांची ठेव जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. पगारच बंद झाला असेल किंवा मोठं आजारपण आलं असेल, तर हप्ता थकायच्या आधी बँकेला लेखी कळवून पुनर्रचना मागावी. थकल्यानंतर मागण्यापेक्षा आधी मागणाऱ्याचं जास्त ऐकलं जातं.

अनेकजण घर गहाण ठेवतात ते व्याजाच्या हिशेबाने नाही, वसुलीच्या फोनांना कंटाळून. ऑफिसात फोन, नातेवाइकांना फोन, घरात चोवीस तास धास्ती. ही भीती खरी आहे, तिला कमी लेखता येणार नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास देता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. फोन थांबवायचा हा रस्ता आहे. त्यासाठी घर देऊ नका.

तारण कर्ज घेणं कधी योग्य ठरतं? उत्पन्न पक्कं असेल, देणं एकदाच आलेल्या कारणाने झालं असेल आणि ते कारण संपलं असेल, मुदत जुन्या कर्जांइतकीच किंवा थोडीच जास्त ठेवली असेल, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असतील, तर. यातलं एक जरी नसेल तर मी नको म्हणेन. धंद्याच्या तोट्यासाठी तर दोनदा नको म्हणेन.

घर आधीच तारण असेल तर

पहिलं काम, हातात येतील ते जादा पैसे मुद्दलात भरणं. व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या मुदत कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी सांगा.

हप्ता थकणार असं दिसलं की ९० दिवस पूर्ण व्हायची वाट बघू नका. त्या आधी बँकेचं शाखा कार्यालय बरंच काही करू शकतं, नंतर फाइल वसुली विभागाकडे जाते. कलम १३(२) ची नोटीस आली तर ती घ्या. नाकारल्याने काही थांबत नाही. तिला लेखी हरकत घ्या, रकमेचा तपशील मागा. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बंधनकारक आहे. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम बाकी असेल तर सरफेसीखाली कारवाईच करता येत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. ताब्याची कारवाई झाली तर डीआरटीचे ४५ दिवस लगेच मोजायला लागा आणि या विषयातला वकील गाठा.

घर स्वतः विकायची वेळ आलीच तर ती लिलावाच्या आधी साधा. मालकाने शांतपणे केलेल्या विक्रीत बहुधा लिलावापेक्षा बरा भाव येतो. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच वापरावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे ठामपणे सांगितलं आहे. नोटीस छापून आल्यावर बँक पैसे घेईलही, पण घ्यायला ती बांधील नसते.

आणि कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत, बोजाही उतरवला गेला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. बेबाकी दाखल्याच्या अर्जाबरोबरच कागद परत मागण्याचा अर्जही त्याच दिवशी द्या, आणि पोच घेऊन ठेवा.